विश्लेषण : कमरेला सोयीचे पिस्तूल हाताला सोयीचे असते का? परवाना घेण्याआधी काय पाहावे?

जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या बाजारपेठेच्या गावात अडत व्यापारी, सराफ, पेट्रोलपंपचालक अशा रोख रकमेची ने-आण करणाऱ्यांच्या मनात कधी ना कधी शस्त्र परवान्याचा विचार येतो. परवान्याचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला : घ्यायचे कोणते? उत्तरही ठरलेले : हलके, लहान, शर्टाखाली न दिसणारे. पण ज्याने आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही, त्याच्यासाठी हेच उत्तर सर्वांत अडचणीचे ठरू शकते. असे का, याचा हा आढावा.

प्रश्न आताच का?

गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची संख्या आणि पिस्तूल मिरवणाऱ्यांची छायाचित्रे राज्यभर चर्चेत आली. प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्याआधी १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांना मुंबईतील घरी स्वतःच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. रिव्हॉल्व्हर हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असल्याचे पोलिस तपासात समोर आले.

मिरवणे, हाताळताना चूक होणे आणि शस्त्र भलत्याच्या हाती जाणे, असे हे तीन वेगळे प्रकार आहेत. तिन्ही ठिकाणी शस्त्राला कागद होता. म्हणजे कागद मिळाला की धोका संपतो, असे नाही.

कायद्याने काय घेता येते?

मोबाइलवर दिसणारे ‘कोणते पिस्तूल चांगले’ छापाचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. त्यात सर्रास सुचवले जाणारे ९ मि.मी. पिस्तूल भारतात ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते आणि सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. .३८ बोअरचेही तेच. त्यामुळे सर्वसाधारण परवानाधारकापुढे प्रामुख्याने .३२ आणि .२२ हे पर्याय उरतात. शस्त्र बाळगणे हा अमेरिकेत घटनादत्त हक्क आहे. आपल्याकडे तो हक्क नाही, कारण पटल्यावर मिळणारी परवानगी आहे.

ही परवानगी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली मिळते. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि चौकशी स्थानिक पोलिस ठाण्यामार्फत होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते घरात सुरक्षित ठेवण्याची हमी, या दोन्ही गोष्टी नियमांत आहेत. अनेक अर्जदार त्यांच्याकडे केवळ कागदपत्रांच्या यादीतील एक ओळ म्हणून पाहतात, ही खरी अडचण आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या सिलिंडरमध्ये असतात, बहुधा सहा. सिलिंडर उघडले की किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसते. एखादी गोळी उडाली नाही, तर चाप पुन्हा ओढला की पुढची समोर येते. नवख्यासाठी हा साधेपणा मोलाचा. अडचण चापाची असते. मागचा घोडा आधी ओढून न ठेवता झाडायचे, तर चाप लांबवर आणि काही किलोंचा जोर लावून ओढावा लागतो. बोटांत ताकद कमी असेल तर नेम हलतो.

पिस्तुलात गोळ्या मुठीतील मॅगझिनमध्ये असतात. ते चपटे असल्याने कमरेला कमी टोचते आणि चापही तुलनेने हलका असतो. पण पहिली गोळी नळीत आणायला वरची स्लाइड जोर लावून मागे खेचावी लागते. वयस्क किंवा सांधेदुखी असलेल्यांना ते जड जाते. सर्वांत मोठा सापळा असा : मॅगझिन काढले तरी नळीत एक गोळी उरलेली असू शकते. ‘रिकामे आहे’ असे समजून चाप दाबल्याने जगभर अपघात होतात.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ‘.३२’ हे नाव एकच असले, तरी कानपूरमध्ये बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि ‘अशनी’ या .३२ पिस्तुलाचे काडतूस वेगळे असते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही.

हलके शस्त्र सोयीचे का नाही?

दिल्लीतील २०१२च्या अत्याचार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये मावावे, हाताला जड वाटू नये, हा हेतू. सर्वसामान्य महिलेला ती किंमत परवडणारी नव्हती, ही टीका तेव्हाच झाली. पण वजनाचा मुद्दा फारसा चर्चेत आला नाही.

गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे येते. तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली, तर हाताला बसणारा धक्का जास्त असतो. नळीचे तोंड वर उडते, दुसऱ्या गोळीसाठी नेम धरायला वेळ लागतो. नवख्याला पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच धक्क्याची धास्ती बसते आणि चाप दाबण्याआधीच तो डोळे मिटून हात दचकवू लागतो. ही सवय मोडायला पुढे महिने जातात. नळी लहान असेल तर माशी आणि खाच यांतले अंतर कमी होते, त्यामुळे नेमातली लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी दिसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने आणलेल्या ‘प्रबल’चे वजन सुमारे ७०० ग्रॅम, तर नळी ७६ मि.मी. आहे. कमरेला हे दोनशे ग्रॅम जाणवतात. पण झाडताना हातात तेच उपयोगी पडतात. थोडक्यात, जे बाळगायला सोपे ते चालवायला अवघड. निवड या दोहोंच्या मध्ये करावी लागते आणि नवख्याने झुकते माप चालवण्याच्या सोयीला द्यावे.

हाताला बसते की नाही, हे कसे ओळखायचे?

परवाना हाती आल्यावर दुकानात घाई करू नये. शस्त्र रिकामे असल्याची विक्रेत्याकडून आणि स्वतः, अशी दोनदा खात्री करून पुढील गोष्टी पाहाव्यात.

मूठ : अंगठा आणि तर्जनीमधला खोबणीचा भाग मुठीच्या वरच्या टोकाला घट्ट टेकला पाहिजे आणि नळी हाताच्या रेषेत सरळ यायला हवी.

चाप : मनगट न वळवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर यावा. बोट ताणावे लागत असेल तर ते शस्त्र मोठे आहे.

करंगळी : मूठ आखूड असेल तर करंगळी खाली लोंबकळते आणि पकड ढिली पडते.

जोर : चाप सलग दहा वेळा सावकाश ओढून पाहावा, स्लाइड पाच वेळा मागे खेचून पाहावी. हात थरथरू लागला तर दुसरे पाहावे.

डावखुऱ्यांनी खटक्याची आणि मॅगझिन सोडण्याच्या बटणाची जागाही तपासावी; अनेक शस्त्रे उजव्या हातासाठीच घडवलेली असतात.

जुने शस्त्र घेताना जाणकाराकडून तपासणी करून घेणे आवश्यक. जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला राहतो आणि ते खाली पडले तर गोळी सुटू शकते. म्हणूनच घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची जुनी पद्धत होती.

जवळ बाळगण्याचे नियम काय?

सार्वजनिक ठिकाणी हे शस्त्र होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. ते काढून दाखवण्यास मनाई आहे. होल्स्टर असे हवे की चाप पूर्ण झाकला जाईल. पँटच्या खिशात किल्ल्यांसोबत, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये किंवा उशीखाली ठेवलेले शस्त्र मालकाच्या ताब्यात आहे, असे म्हणता येत नाही. घरी शस्त्र आणि काडतुसे कुलूपबंद असावीत, शक्यतो वेगवेगळी.

वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनुसार इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

नवख्याने सुरुवात कुठून करावी?

एअर पिस्तुलापासून. ४.५ मि.मी. बोअर आणि २० ज्यूल ऊर्जेच्या मर्यादेतील एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. धक्का जवळजवळ नसतो, छऱ्याचा खर्च कमी असतो आणि पकड, श्वास, नेम, चाप या चारही गोष्टी शिकता येतात. १० मीटर स्पर्धेतील एअर पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते, ‘निर्भीक’च्या तिप्पट. स्पर्धेतल्या नेमबाजाला वजनाची भीती वाटत नाही, यातच बरेच काही आले. त्यानंतर .२२ आणि मग .३२, हा क्रम योग्य.

महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलचे कांस्यपदक आणले. वरळी आणि बालेवाडीच्या रेंजवर पिढ्या घडल्या. मात्र आष्टीच्या माणसाला बालेवाडी जवळची नाही, हेही खरे.

मग काय व्हायला हवे?

परवाना द्यावा की नाही, यावर आपल्याकडे खूप बोलले जाते. दिल्यानंतर त्या हाताला काय येते, यावर कोणी बोलत नाही. वाहन परवान्यासाठी गाडी चालवून दाखवावी लागते. शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणावेळी मात्र प्रत्यक्ष नेमाची आणि हाताळणीची कसोटी घेण्याचा आग्रह दिसत नाही. दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाला अशी कसोटी जोडावी. त्यासाठी जिल्हा पोलिसांच्या सराव मैदानावर परवानाधारकांना वर्षातून ठरावीक दिवस, शुल्क आकारून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करू द्यावा. ज्याला वर्षातून एक दिवसही सरावासाठी काढता येत नाही, त्याची शस्त्राची गरज किती खरी, हेही त्यातून कळेल.

तोवर अर्ज करणाऱ्याने स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे. रोख रकमेचा धोका ऑनलाइन व्यवहाराने, सीसीटीव्हीने, सोबत माणूस नेऊन किंवा वेळ बदलून कमी होत असेल, तर तो आधी करावा. तरीही शस्त्र लागणारच असेल, तर ते कमरेला किती लपते यापेक्षा हातात किती ऐकते, हे पाहावे. सराव नसलेल्या हातातल्या पिस्तुलाचा सर्वांत जवळचा धोका त्याच्या मालकाला आणि त्याच्या घरातल्या लेकरांनाच असतो.