उपनगरांच्या पावसाला उपनगरांचेच मोजमाप हवे

मुंबईच्या पावसाचा अंदाज बांधताच येत नाही, असे मत रूढ आहे. २६ जुलै २००५ हा त्याचा मुख्य आधार. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. या तफावतीतून पावसाचा लहरीपणा सिद्ध होत नाही. कुलाब्याच्या नोंदीवरून उपनगरांचा पाऊस ठरवता येत नाही, एवढेच सिद्ध होते. शिवाय त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते.

दुसरा आक्षेप फोल ठरणाऱ्या इशाऱ्यांचा. पण इशारा जिल्ह्याला दिला जातो आणि पडताळा आपल्या गल्लीत पाहिला जातो. बोरिवलीत धो धो पाऊस आणि घाटकोपर कोरडे, असे घडले तर जिल्ह्याचा इशारा खोटा ठरत नाही. तो ढोबळ ठरतो. हा दोष मात्र खरा आहे.

उपग्रह आणि महासंगणक तो दूर करतील, हा तिसरा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने गणिताची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. परंतु वातावरणाची आरंभीची स्थिती अचूक कळल्याशिवाय पुढची काढता येत नाही, हे नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्येच मांडले होते. चौकट बारीक आणि नोंदी विरळ असतील, तर चूकच बारकाईने छापली जाते.

म्हणून निरीक्षणांचे थर एकमेकांना जोडावे लागतात. सांताक्रूझहून सोडलेला फुगा वरच्या हवेतील तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतो. कुलाब्याचे आणि २०२२ पासून अंधेरीजवळच्या वेरावलीचे डॉप्लर रडार ढगांची हालचाल टिपते. रडार पाऊस थेट मोजत नाही. परतलेल्या लहरींवरून अदमास घेते. तो पडताळायला जमिनीवरची स्वयंचलित पर्जन्यमापके लागतात. राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांच्या एका बाजूला बोरिवली आणि दुसऱ्या बाजूला मुलुंड असल्याने ती दोन्हीकडे हवीत.

एवढे करूनही अतिवृष्टी नेमकी कोणत्या वॉर्डात होईल, हे दोन दिवस आधी सांगता येणार नाही. तेव्हा शक्यताच सांगावी. काही तास आधीचा इशारा मात्र वॉर्डनिहाय देणे शक्य आहे, आणि लोकल, शाळा व पाणी उपसणारे पंप यांचे निर्णय त्याच तासांत होतात. हवामान खाते आणि महापालिका यांनी आपल्या नोंदी तत्काळ एकत्र करून अंदाजाच्या गणितात घ्याव्यात.