घर आजोबांच्या नावावर, विमा कोणाच्या?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३७ फुटांवर गेली. समा, अकोटा, वडसर भागांतल्या घरांत पाणी शिरले. तरीही आपण बडोदेकर मोटारीचा विमा न चुकता भरतो, कारण तो सक्तीचा. घराचा विमा मात्र बँकेचे कर्ज फिटेपर्यंतच आठवतो.

आपल्या पुष्कळ कुटुंबांत घर आई-वडिलांचे, किंवा सिटी सर्व्हेच्या नोंदीत अजून आजोबांचे असते. मुले पुण्यात, बंगळुरात, नाहीतर थेट अमेरिकेत. हप्ता भरायला मुलगा तयार असतो आणि पॉलिसी स्वतःच्याच नावाने काढायला निघतो. घोटाळा इथेच होतो. घर पडले तर ज्याचे आर्थिक नुकसान होते, त्यालाच त्या घराचा विमा काढता येतो. वडिलांनी स्वकमाईने बांधलेल्या घरावर त्यांच्या हयातीत मुलाची मालकी नसते. उद्या मिळेल ही आशा विम्याला पुरत नाही. तेव्हा पॉलिसी वडिलांच्या नावाने, सहीही त्यांची. पैसे मुलाने भरले तरी चालते.

आजोबा हयात नसतील तर प्रश्न अवघड होतो. महापालिकेचा वेरा वर्षानुवर्षे काका भरतात म्हणून घर काकांचे होत नाही. मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आजोबांच्या स्वकष्टार्जित घरात आत्याही बरोबरीच्या वाटेकरी असतात. अशा घराचा विमा सर्व वारसांच्या नावे घ्यावा आणि वारसांची नोंद आधी करून घ्यावी, असे आम्ही सुचवतो. नाहीतर पुराचे पाणी ओसरते, पण भरपाईच्या रकमेवरून भावंडांत सुरू झालेला वाद ओसरत नाही. भाडेकरूंनी हे लक्षात ठेवावे की त्यांना विमा आपल्या सामानाचा काढता येतो, मालकाच्या इमारतीचा नाही.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे सारे तिच्यात येते. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरत नाहीत, फक्त बांधकामाचा खर्च. म्हणजे १०० चौरस मीटरचे घर, बांधकामाचा दर समजा २०,००० रुपये, तर विमा २० लाखांचा. बाजारात घर ८० लाखांना जात असले तरी तेवढा विमा मागण्यात अर्थ नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी वेगळे सांगावे लागते.

मांडवी, रावपुऱ्याकडच्या लाकडी खांब-तुळयांच्या घरांबाबत बांधकामाचे खरे वर्णन अर्जात लिहावे. जुनेपणाने भिंत खचली तर भरपाई नाही. पुराने खचली तर आहे. घर महिनोन्महिने बंद असते का, हेही कंपनीला आधी कळवावे आणि त्याबद्दलची अट वाचावी. कुलूपबंद घरे आपल्यात आता कमी नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के कायम आहे, आणि पुराच्या शहरांत तरी तो कमी व्हायला हवा, असे आम्हाला वाटते. पण त्याची वाट पाहत जून उजाडू देऊ नये. पॉलिसी आणि घराच्या कागदांची प्रत परगावच्या मुलाच्या मोबाइलवरही असू द्या. पुरात तळमजल्यावरचे कपाटच आधी भिजते.