ठाकुरवाडीचें पाणी आणि अनुदानाचा अर्ज

कर्जत व खालापूर हे तालुके पावसाच्या बाबतींत दरिद्री आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. येथें वर्षास ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उल्हास व पाताळगंगा या नद्यांवर खालचीं शहरें व कारखाने पोसले जातात. परंतु फाल्गुन सरला कीं डोंगरावरील ठाकुरवाडींतील बायका ओहळाच्या पात्रांत डवरे उकरून वाटीवाटीनें हंडा भरतांना दिसतात. मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळें पाणी मुरण्यापूर्वींच वाहून जातें. तें अडविण्यास मोठें धरण नको. ओहळावर ठिकठिकाणीं दगडी बांध, झऱ्याभोंवतीं राखलेलें रान, आणि पाऊस उघडल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा, एवढ्यानें पुष्कळ काम होतें. अशा कामास पैसा थोडा लागतो, व तो देणारेहि आहेत. मग तो वाडीपर्यंत कां पोंचत नाहीं?

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. म्हणून या प्रश्नाचें उत्तर आम्ही दप्तरापासूनच देतों. एके वर्षीं एका वाडीचा बंधाऱ्याचा अर्ज आमच्या टेबलावर आला. जागा वनखात्याची, सोबत ठराव नाहीं. आम्हीं नियमाप्रमाणें "त्रुटीपूर्ततेसाठीं परत" असा शेरा लिहिला. त्रुटि कोणती व ती कशी भरून काढावी, हें लिहिलें नाहीं. तशी सक्ति नव्हती. तो अर्ज पुन्हां आला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर त्या वाडीस गेलों, तों त्याच ओहळांत डवरे उकरणें चाललेलें. त्या शेऱ्याची लाज आम्हांस आजहि वाटते. तेव्हां जें लिहावयास हवें होतें तें आज येथें लिहितों.

पहिली गोष्ट नांवाची. ठाकुरवाडी नांवाच्या वस्त्या या भागांत अनेक आहेत, आणि बहुतेक वाड्या स्वतंत्र महसुली गांव नसून मूळ गांवाच्या पोटांत मोडतात. अर्जांत मूळ गांव, ग्रामपंचायत, गट नंबर व ओहळाचें स्थान नसेल, तर वाडीच्या नांवें मंजूर झालेला बांध मूळ गांवाजवळ उभा राहण्याची भीति असते.

दुसरी गोष्ट जमिनीची. वाडीभोंवतालची जमीन कोठें वरकस, कोठें दळीची, कोठें निखळ वनखात्याची. सातबारा पाहिल्यावांचून अर्जास हात घालूं नये. जागा वनाची निघाली म्हणून निराशहि होऊं नये. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) अन्वयें सरकारच्या व्यवस्थेंतील लहान जलाशय व पाणी साठविण्याच्या कामांसाठीं एक हेक्टरहून कमी वनजमीन मिळूं शकते. मात्र हेक्टरीं ७५ पेक्षां अधिक झाडें तुटतां कामा नयेत, व ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणून अशा जागीं ग्रामपंचायतीस बरोबर घेऊनच अर्ज करावा.

तिसरी गोष्ट पात्रतेची. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रांत नसल्यामुळें जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांप्रमाणें पेसाचा थेट निधि येथें येत नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास लावावा लागतो, व आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावें असेंहि त्यांत आहे. परंतु १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेस केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. वाडींतील बचत गटानें ती कोठून आणावी?

कामाची निवड हीहि तितकीच महत्त्वाची. हिवरे बाजारची नक्कल करून डोंगरभर चर खोदण्याचे प्रस्ताव आम्हीं पाहिले आहेत. तेथील पाऊस सुमारें ४०० मिलिमीटर. येथें त्याच्या सातपटीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर तरी वाडीच्या माथ्यावर भूवैज्ञानिकास दाखविल्यावांचून कुदळ मारूं नये. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा दगड व प्लॅस्टिकचा कोंकण विजय बंधारा या भूमीस अधिक मानवतो. आणि डोंगरचा लोंढा बांध फोडतोच. म्हणून डागडुजीचा खर्च अर्जांत आरंभींच मागावा.

कोणी म्हणतील, पाणी देणें हें सरकारचें कर्तव्य. वाडीनें दारोदार अर्ज कां करावे? आक्षेप रास्त आहे. पण कर्तव्याची वाट पाहतांना हंडा रिकामाच राहतो. शिवाय एक बांध उभा राहून चैत्रांत पाणी टिकलें, कीं तीच मोठ्या मागणीची साक्ष होते.

म्हणून मंडळाच्या सभासदांस आमची विनंती अशी. ज्यांस लिहितां-वाचतां येतें त्यांनीं एकेक वाडी दत्तक घ्यावी. वाडींतील जाणत्या बायकांसह वैशाखांत ओहळ चालून जावा. पाणी शेवटीं कोठें आटतें हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक नाहीं. अर्ज तेथेंच लिहावा, वाचून दाखवावा, पोंच घ्यावी, आणि परत आला तर पुन्हां न्यावा. जे अद्यापि कचेऱ्यांत बसतात त्यांस एवढेंच सांगणें कीं, शेरा मारतांना पुढली वाटहि दोन ओळींत लिहावी. आमच्या हातून त्या दोन ओळी राहून गेल्या.