व्हिएन्नाचा नळ

परदेशी जाऊन आलेल्या बाईला शेजारणी दोन प्रश्न हमखास विचारतात. काय काय पाहिलंत आणि काय काय आणलंत? मैत्रिणींनो, ह्यांच्या कंपनीच्या कामाला जोडून आम्ही पाच दिवस व्हिएन्नाला राहून आलो, तेव्हा हे दोन्ही प्रश्न माझ्याही वाट्याला आले. आणलं म्हणाल तर चॉकलेटं आणि एक छत्री. पाहिलं मात्र पुष्कळ. ऑस्ट्रियाची ही राजधानी म्हणजे एके काळची हॅब्सबर्ग सम्राटांची गादी. त्यांचा शोनब्रुनचा राजवाडा तब्बल १४४१ खोल्यांचा! एवढ्या खोल्यांचा केर कोण काढत असेल, हाच विचार आधी माझ्या मनात आला. तुमच्याही आला असता.

राजवाडे, उंच मनोऱ्याचं सेंट स्टीफन चर्च, मोत्झार्टचं घर ह्यांची वर्णनं कुठल्याही प्रवासवर्णनात मिळतील. मी आज सांगणार आहे ती गोष्ट आहे नळाची.

हॉटेलात पिण्याचं पाणी कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर तिथल्या बाईनं सरळ न्हाणीघरातल्या नळाकडे बोट दाखवलं. मी जरा बिचकतच पेला भरला. पाणी गार आणि गोड, जणू नुकतंच माठातून काढलेलं! मग चौकशी केली. व्हिएन्नाचं बहुतेक सगळं पाणी आल्प्स पर्वतातल्या झऱ्यांचं असतं. पूर्वी शहरात घरोघरी विहिरी होत्या. त्यांत घाण झिरपे, आणि कॉलरा, टायफॉइडच्या साथी येत. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं डोंगरातून पाणी आणायचा आग्रह धरला आणि १८७३ साली पहिली जलवाहिनी सुरू झाली. दुसरी झाली १९१० साली. ही दुसरी सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. पाणी उताराउतारानं छत्तीस तासांत शहरात पोचतं, वाटेत पंप म्हणून लागत नाही. २००१ साली तर व्हिएन्नानं आपल्या पाण्याचं संरक्षण थेट शहराच्या घटनेतच घालून टाकलं. तिथं कॉफी मागवली की तबकात कपाशेजारी पाण्याचा छोटा पेला येतोच. आपल्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी देतात ना, तसंच वाटलं मला.

पण पाणी शहरात आलं म्हणून ते लगेच प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात आलं असं समजू नका. गरिबांच्या भाड्याच्या इमारतींत मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच नळ असे, तोही बाहेरच्या बोळात. संडासही सामाईक. ह्या नळाला तिथं ‘बासेना’ म्हणतात. बासेनावर बादल्या घेऊन बायका जमत, गप्पा होत, कुचाळक्या होत. व्हिएन्नाच्या बोलीत अशा गप्पांना ‘बासेनावरच्या गप्पा’ असा शब्दच आहे! गिरगाव-लालबागच्या चाळीत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना ह्याहून जास्त काही सांगायला नको.

हे चित्र पालटलं ते पहिल्या महायुद्धानंतर. १९१८ साली ऑस्ट्रियात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. १९१९ ते १९३४ ह्या काळात व्हिएन्ना नगरपालिकेत समाजवादी पक्षाचं राज्य होतं. त्यांनी १९२३ साली घरबांधणीचा कर बसवला, श्रीमंतांवर जास्त आणि गरिबांवर नाममात्र, आणि त्यातून साठ हजारांहून अधिक घरं बांधली. त्यांतली एक वसाहत मुद्दाम बघून आले. तिचं नाव कार्ल मार्क्स होफ. १९३० साली पुरी झालेली ही इमारत किलोमीटरभर लांब आहे. दीड हजाराच्या आतबाहेर बिऱ्हाडं, आत ऐसपैस बागा. प्रत्येक घरात नळ आणि संडास. शिवाय बालवाडी, वाचनालय, दंतवैद्याचा दवाखाना, न्हाणीघरं आणि यंत्रांची सामाईक धुलाईघरं. धुलाईघराच्या एका इमारतीत आता छोटं संग्रहालय आहे.

तिथं एक गमतीची गोष्ट कळली. ह्या धुलाईघरांत त्या काळी पुरुषांना मज्जाव होता! यंत्रांवर देखरेख करणारे तेवढे अपवाद. हे ऐकून ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र पुढचंच दिसलं. यंत्रानं धुणं हलकं झालं, दिवसाचं काम काही तासांवर आलं, पण धुणं राहिलं बायकांचंच. नगरपालिका नळ घरात आणून देईल. नळाखाली बादली कुणी लावायची, हे घरातल्यांनीच ठरवायला हवं. आमच्याकडे त्या विषयाला आता तोंड फुटलं आहे, एवढं सांगते!

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल, तर चार सूचना. बाटली जवळ ठेवा; रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे हजाराहून अधिक नळ आहेत. जिथं ‘काइन ट्रिंकवासर’ असं लिहिलं असेल, ते पाणी मात्र पिऊ नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा दूध, पाव, फळं शनिवारीच आणून ठेवा. शाकाहारी असाल तर ‘वेगेटारिश’ हा शब्द पाठ करा, आणि केक-पुडिंगात अंडं आहे का ते विचारून घ्या. वर सांगितलेलं संग्रहालय आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडं असतं, आधी चौकशी करून जा.

आता आपल्या नळाचं. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या गावात पाणी सहाला येतं आणि शाळा सातला भरते. पाणी भरणं, गाळणं, साठवणं ह्यांत रोजचा पाऊण तास धरला, तर वर्षाचे जवळजवळ पावणेतीनशे तास होतात. तेवढ्यात एखादी परीक्षा देता येते, शिवणाचा क्लास काढता येतो, नाहीतर स्वस्थ बसून वाचता येतं. जिथं पाणी दोन-चार दिवसांआड येतं, तिथल्या बहिणींचा हिशेब तर ह्याहून कठीण.

ह्याला आपण ‘बायकांची कटकट’ म्हणतो आणि सोडून देतो. व्हिएन्नात कुणा एके काळी तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा विषय झाला, म्हणून नळ घरात आला. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पुढच्या खेपेस हळदीकुंकवाच्या निमित्तानं उमेदवार बाई वाण घेऊन दारात आल्या, तर वाण आनंदानं घ्या, त्यांना चहा द्या, आणि कप हातात देता देता विचारा, ‘ताई, नळ रोज कधीपासून येणार? तारीख सांगाल का?’ उत्तर वहीत लिहून ठेवा. भिशीच्या हिशेबाची वही चालेल.