विमानकंपनी बुडाली, विमानतळ तरला

शेपटीवर राष्ट्रध्वजाचे रंग मिरविणारे विमान हे स्वतंत्र देशाचे भूषण होय, अशी समजूत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जगभर रुजली. या भूषणाची किंमत कोणी, किती काळ आणि कशासाठी मोजावयाची, हा प्रश्न मात्र ते गहाण पडेपर्यंत सहसा कोणी विचारीत नाही. हंगेरीच्या जनतेपुढे तो ३ फेब्रुवारी २०१२ रोजी अचानक उभा राहिला. त्या दिवशी सकाळी सहा वाजता 'मालेव' या राष्ट्रीय विमानकंपनीने आपली सर्व उड्डाणे थांबविली. १९४६ मध्ये सोव्हिएत भागीदारीत जन्मलेली आणि १९५४ पासून पूर्णतः हंगेरीची झालेली ही संस्था सासष्टी पुरी होण्याच्या उंबरठ्यावर मिटली. आता राजधानी बुडापेस्टचा विमानतळ ओस पडणार, ही भीती त्या वेळी स्वाभाविकच होती. ती खोटी ठरली. पण ती कोणासाठी खोटी ठरली आणि कोणासाठी खरी, हे पाहिल्यावाचून या घटनेचा बोध होणार नाही.

मालेवचा अंत आकस्मिक नव्हता. १९९२ मध्ये इटलीच्या 'अलितालिया'ला तिच्यात भागीदार करून घेण्यात आले. १९९७ मध्ये ती भागीदारी संपली. २००७ मध्ये कंपनी एका रशियन उद्योगपतीशी संबंधित गटाच्या हाती गेली आणि २०१० मध्ये पुन्हा सरकारच्या गळ्यात आली. दुभती नसलेली गाय बाजारात न्यावी आणि गिऱ्हाइकाने चार दिवसांनी ती परत आणून दारी बांधावी, तसाच हा प्रकार. दरम्यान तिचे वैरणपाणी सरकारी तिजोरीतून चालूच होते. अखेर ९ जानेवारी २०१२ रोजी युरोपीय आयोगाने २००७ ते २०१० या काळातील सरकारी साहाय्य नियमबाह्य ठरविले आणि ते वसूल करण्याचा आदेश दिला. मग पुरवठादारांनी आगाऊ रोख रकमेची मागणी सुरू केली, परदेशांत कंपनीची विमाने अडविली गेली आणि चार आठवड्यांच्या आत खेळ संपला.

विमानतळाच्या दृष्टीने वेळ याहून वाईट असू शकली नसती. मार्च २०११ मध्येच त्याला संगीतकार फेरेन्त्स लिस्ट यांचे नाव देण्यात आले होते आणि त्याच महिन्यात दुसऱ्या टर्मिनलचे दोन भाग जोडणारे विस्तीर्ण नवे दालन खुले झाले होते. दालन उभे राहिले आणि वर्षाच्या आत सर्वांत मोठे गिऱ्हाईकच नाहीसे झाले! तथापि पुढे जे घडले त्याने अनेकांना चकित केले. आयर्लंडच्या 'रायनएअर'ने काही दिवसांतच बुडापेस्टमध्ये आपला तळ उभारला. 'विझ एअर'ने तेथील विमाने आणि मार्ग वाढविले. या विझ एअरचे संस्थापक-प्रमुख योझेफ वारादी हे पूर्वी मालेवचेच मुख्य कार्यकारी अधिकारी होते, हा योगायोगही बोलका आहे. २०११ मध्ये सुमारे ८९ लाख उतारूंची ये-जा झालेल्या या विमानतळावर २०१२ मध्ये ती ८५ लाखांवर आली. एवढीच काय ती घसरण. २०१४ मध्ये जुना आकडा ओलांडला गेला, २०१५ मध्ये एक कोटीची मर्यादा मागे पडली आणि २०१९ मध्ये संख्या एक कोटी बासष्ट लाखांच्या घरात पोहोचली.

हे आपोआप घडले नाही. विमानतळाने काटकसरीचे कठोर निर्णय घेतले. १९५० साली सुरू झालेले आणि २००५ पासून स्वस्त दराच्या कंपन्यांसाठी राखलेले पहिले टर्मिनल ३० मे २०१२ रोजी उतारूंसाठी बंद करण्यात आले आणि सारी वाहतूक दुसऱ्या टर्मिनलमध्ये एकवटली. १९८५ मध्ये प्रामुख्याने मालेवच्या वापरासाठी उघडलेल्या वास्तूत आता तिचे प्रतिस्पर्धी नांदू लागले. पुढे दुबई आणि पेकिंग येथील विमानसेवाही सुरू झाल्या. उतारूला प्रवास हवा असतो. विमानाच्या शेपटीवरील रंगांशी त्याला फारसे कर्तव्य नसते, हे या आकड्यांनी निर्विवादपणे दाखविले.

मात्र आकडे जे सांगतात तितकेच ते झाकतातही. मालेवच्या विमानांतून येणारे सर्वच उतारू बुडापेस्टला उतरत नसत. बाल्कन प्रदेशातून येऊन तेथे विमान बदलून पश्चिम युरोपकडे जाणाऱ्यांचा मोठा ओघ होता. एका कंपनीची अनेक विमाने ठरावीक वेळांत एकमेकांशी जोडलेली असली तरच अशी वाहतूक चालते. स्वस्त कंपन्या एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन सोडतात. पुढचे दुसरे विमान चुकले तर ते उतारूचे नशीब. त्यामुळे हा ओघ जवळजवळ आटला. सारायेव्हो, स्कोप्ये यांसारख्या शेजारच्या राजधान्यांना विझ एअरची थेट विमाने २०१७ मध्ये जाऊ लागली. न्यूयॉर्कची सेवा २०१८ मध्ये सुरू झाली, तीही पोलंडच्या विमानकंपनीने. मधली वर्षे लंडनला जाणे स्वस्त झाले आणि शेजाऱ्याकडे जाणे दुरापास्त. बेल्जियमची 'सबेना' ७ नोव्हेंबर २००१ रोजी बुडाली, तेव्हा ब्रुसेल्सच्या विमानतळाला २००० सालचा सव्वादोन कोटींच्या जवळ जाणारा उतारूंचा आकडा पुन्हा गाठण्यास २०१४ साल उजाडावे लागले. विमान बदलणाऱ्या उतारूंवर विमानतळ जितका अधिक विसंबलेला, तितका खड्डा खोल.

दुसरी झाकलेली गोष्ट माणसांची. मालेवमध्ये सुमारे २६०० लोक नोकरीस होते. वैमानिकाला परदेशातही मागणी असते. पण तिकीटखिडकीवर वीस वर्षे काढलेल्या मध्यमवयीन लिपिकाला कोणता देश बोलावणार? विमाने दुरुस्त करणारी 'एरोप्लेक्स' ही मालेवची संलग्न कंपनी तगली, हा काय तो दिलासा. विमानतळ सावरला असे आपण म्हणतो तेव्हा त्या सावरण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हे वार्षिक अहवालाच्या आलेखात दिसत नसते.

मुंबईच्या वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. 'जेट एअरवेज' ही राष्ट्रीय नव्हे, खाजगी कंपनी; परंतु १७ एप्रिल २०१९ रोजी तिची उड्डाणे थांबली तेव्हा मुंबई विमानतळावरील तिच्या वेळा इतर कंपन्यांनी लवकरच व्यापल्या. कर्मचारी मात्र थकलेल्या वेतनासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. धावपट्टीला वारस लगेच मिळतो. वेतनाच्या थकबाकीला मिळत नाही.

तथापि हंगेरीच्या कथेतील सर्वांत मोठी चूक याहूनही मुळाशी आहे. ज्या काळात विमानकंपनीवर सरकारी पैसा ओतला जात होता, त्याच काळात, डिसेंबर २००५ मध्ये, विमानतळ चालविणाऱ्या कंपनीतील पाऊण हिस्सा सरकारने एका ब्रिटिश कंपनीला विकला होता. दीड वर्षात तो जर्मन हातांत गेला. वस्तुतः विमानकंपनी हा स्पर्धेचा धंदा. तिची जागा दुसरी कंपनी घेऊ शकते, हे २०१२ ने सिद्ध केले. राजधानीच्या विमानतळाची जागा कोण घेणार? तो जागचा हलत नाही, त्याला जवळपास पर्याय नसतो आणि राष्ट्रीय म्हणावे असे जे काही आहे ते त्यातच आहे. विकावयाचे ते उराशी धरले आणि राखावयाचे ते विकले! अखेर जून २०२४ मध्ये सरकारने फ्रान्सच्या 'व्हँसी' कंपनीला वीस टक्क्यांची भागीदार करून घेऊन विमानतळ परत मिळविला, तो तीन अब्ज युरोंहून अधिक किंमत मोजून. डाव्यांच्या राजवटीत विकलेले उजव्यांच्या राजवटीत विकत घेतले गेले; दोन्ही वेळा बिल करदात्याच्याच नावाने फाटले.

मालेव बुडाली म्हणून सरकार परावलंबनातून सुटले, असेही नाही. २०२२ मध्ये हंगेरीने विमानकंपन्यांवर जादा नफ्याचा कर बसविला, तेव्हा रायनएअरने बुडापेस्टचे काही मार्गच बंद केले. परक्या कंपनीची विमाने ही पाहुण्यांसारखी. पाहुणचार आवडेनासा झाला की उडून जातात. म्हणून राष्ट्रीय कंपनी हवी होती, असा युक्तिवाद करणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते: अशा चार-पाच मार्गांच्या हमीसाठी सबंध कंपनी वर्षानुवर्षे पोसणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे काय? जे मार्ग बाजार चालवीत नाही पण देशाला हवे आहेत, ते खुल्या निविदा काढून, ठरावीक मुदतीच्या अनुदानावर चालविता येतात. त्याचा हिशेब लोकांपुढे मांडता येतो. ध्वजाच्या नावाने ओतलेल्या पैशाचा हिशेब कोणी मागत नाही, आणि मागितला तर त्याला देशाभिमान कमी असल्याचे सांगितले जाते.

लोकांच्या पैशाने उभी राहणारी कोणतीही वाहतूकसंस्था संकटात सापडली की सरकारने काय वाचवावयाचे, हे बुडापेस्टच्या अनुभवावरून ठरविता यावे. प्रथम वाचवावयाची ती नोकरी गमावणारी माणसे: त्यांचे थकलेले वेतन, निवृत्तिवेतन आणि नवे काम शिकण्याची सोय. त्यानंतर वाचवावयाची ती धावपट्टी आणि टर्मिनल, म्हणजे पुन्हा उभारता न येणारी सार्वजनिक मालमत्ता. कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह यांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. हंगेरीने हा क्रम उलटा लावला. त्या चुकीची किंमत त्या देशाने दोनदा मोजली: एकदा विमानकंपनी जगविण्यासाठी आणि दुसऱ्यांदा विमानतळ परत घेण्यासाठी.