भोंडल्याचा हत्ती आणि कचऱ्याचा विटाळ



हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा, ही भोंडल्याची रीत. हल्ली छापील हत्ती आणून काम उरकतं. यंदा तो मुलांना घेऊन घरीच करू. रद्दीच्या लगद्याचं अंग, फाटक्या साडीची झूल, नारळाच्या शेंडीची शेपटी, डोळ्याला चिंचोका. (लगदा आई भिजवणार, पसारा ताई आवरणार आणि दादा फक्त सोंड रंगवणार, असं मात्र नको!)

'पूजेला कचरा कशाला?' असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. त्यावर मुलांशी बोलायलाच हवं. कचऱ्याला चिकटवलेला हाच विटाळ तो वेचणाऱ्या बायांनाही चिकटवला जातो, आणि त्यातल्या बहुसंख्य दलित आहेत. पुण्यात १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. २००८ पासून 'स्वच्छ' या आपल्या सहकारी संस्थेतर्फे त्या घरोघरचा कचरा गोळा करतात. आपण ओलं-सुकं एकत्र टाकलं की भिजलेल्या कागदाला भाव येत नाही, तोटा त्यांचा होतो. हत्तीसाठी रद्दी बाजूला काढताना मुलांना हे सहज सांगता येईल.

आणि फेरात त्यांच्या मुलींनाही बोलवा. खिरापत त्यांनाही ओळखू द्या.