नावं ढीगभर, मालक तीन

अमेरिकेत पहिला हलका ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबांना मला एक गोष्ट तोंडावर सांगायची आहे. तुमची ती ब्रँडची तुलना कुचकामी आहे. जेको की कीस्टोन, रॉकवूड की फ्लॅगस्टाफ, यावर रात्ररात्र एक्सेलचे रकाने भरणारी हुशार माणसं मी आजूबाजूला बघते. ऑफिसात दुसऱ्याच्या कामातली बारीकशी चूक हेरणारे हे लोक डीलरच्या आवारात पाय ठेवताच दारावरच्या नावाला आणि ओट्यामागच्या चकचकीत फरशीला भुलतात, आणि पुढची पंधरा वर्षं हप्ते भरत बसतात. मला याचा राग येतो, कारण पैसे कष्टाचे असतात आणि ही फसगत सहज टाळता येते.

आधी मालक कोण ते बघा. 1980 साली वेड थॉम्प्सन आणि पीटर ऑर्थवाइन यांनी एअरस्ट्रीम विकत घेतली आणि थॉर इंडस्ट्रीज उभी केली. आज कीस्टोन, डचमेन, हार्टलँड, केझी ही सगळी नावं थॉरची आहेत. जेको ही 1968 पासून इंडियानातल्या मिडलबरीत एका कुटुंबाने चालवलेली कंपनी; 2016 मध्ये तीही थॉरने घेतली. दुसरी मोठी कंपनी फॉरेस्ट रिव्हर, 1996 ची, आणि 2005 पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची. रॉकवूड, फ्लॅगस्टाफ, आर-पॉड, सेलम, वाइल्डवूड, कोचमेन ही सारी तिची पिल्लं. तिसरी विनेबागो, जिने 2016 मध्ये ग्रँड डिझाइन घेतली. बाजारातला बहुतांश माल या तिघांचा. रॉकवूडचा मिनी लाइट आणि फ्लॅगस्टाफचा मायक्रो लाइट शेजारी उभे करा, स्टिकर झाका आणि मला फरक दाखवा. एकाच भट्टीतले पेढे दोन दुकानांच्या खोक्यांत भरावेत, तसा हा प्रकार आहे. एका गावातल्या दोन डीलरांना वेगळ्या नावाने माल विकता यावा, एवढाच त्याचा उपयोग. आणि या दोघांत ‘कुठला चांगला’ म्हणून नवरा-बायकोत वाद घालणारी घरं आहेत!

बरं, नाव वेगळं आणि मालक एक, एवढ्यावरही हे थांबत नाही. खालची लोखंडी चौकट बहुतेक वेळा लिपर्टची. फ्रीज आणि एसी बहुतेक वेळा डोमेटिकचा किंवा त्याच्या दोन-तीन स्पर्धकांपैकी कुणाचा तरी. चाकांचे आस डेक्स्टरचे नाहीतर लिपर्टचे. ट्रेलर कंपनी मुख्यतः जोडणी करते, आणि अमेरिकेतली बहुतांश जोडणी इंडियाना राज्यात, त्यातही एल्खार्ट आणि आसपासच्या भागात होते. तिथल्या कित्येक कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. दिवसाचे नग लवकर संपवले की कामगार लवकर घरी. मी त्या कामगारांना दोष देणार नाही. त्यांत शेतकरी आमिश घरांतली कसबी माणसंही आहेत. दोष ही पद्धत आखणाऱ्यांचा आहे. छपराच्या सांध्यावर सीलंट नीट बसलं की नाही, हे बघायला थांबणाऱ्याची मजुरी ही पद्धत कापते.

मागणी चढली की हीच पद्धत आणखी निर्दय होते. करोनाच्या काळात सगळ्यांना घराबाहेर पडायचं होतं, आणि 2021 मध्ये या उद्योगाने 6 लाखांहून जास्त आरव्ही, म्हणजे मुक्कामाच्या गाड्या आणि ट्रेलर, बाजारात ओतल्या. 2023 मध्ये हा आकडा 3 लाख 13 हजारांवर घसरला. घाईगर्दीच्या त्या वर्षांतला माल आज जुन्या बाजारात उभा आहे, आणि ‘फक्त काही वर्षांचा, एकदम नव्यासारखा’ म्हणून तुम्हाला दाखवला जातो आहे. अशा ट्रेलरच्या छपरावर शिडी लावून चढल्याशिवाय किमतीचा विषयसुद्धा काढू नका.

कारण ट्रेलरचा खरा वैरी पाणी आहे. स्वस्त हलक्या ट्रेलरची भिंत म्हणजे फायबरग्लासचा पातळ पापुद्रा, त्यामागे लुआन नावाचं पातळ प्लायवूड, मध्ये फोम. खिडकीच्या कडेतून, छपराच्या कोपऱ्यातून किंवा दिव्याच्या भोकातून पाणी शिरलं की लुआन फुगतं, थर सुटतात आणि भिंतीवर फुगे येतात. पत्र्याच्या भिंतीचे ट्रेलर दिसायला जुनाट, पण आत लाकडी सांगाडा. तिथे हेच पाणी दिसत नाही, नुसतं सडवत राहतं. लुआनऐवजी अ‍ॅझडेल नावाचा कृत्रिम पत्रा वापरलेल्या भिंती पाण्याने कुजत नाहीत, आणि फॉरेस्ट रिव्हरच्या काही मालिकांत तो मिळतो. विचारण्याजोगे प्रश्न हे आहेत. भिंतीत काय आहे? जमिनीत काय आहे? छपरावरचं रबर कुठे कुठे कापलंय आणि त्या प्रत्येक भोकाभोवती सीलंट कुणी, कसं लावलंय? विक्रेत्याला याचं उत्तर येत नसेल, तर तो तुमच्याशी पडद्यांच्या रंगाबद्दल बोलू लागेल. तिथून निघा.

दाराजवळचा आरव्हीआयए या उद्योग-संघटनेचा शिक्का बघून निर्धास्त होणाऱ्यांनाही सांगते. तो शिक्का वीज, गॅस, नळजोडणी आणि आग यांबाबतच्या सुरक्षा मानकांचा आहे. छप्पर गळणार नाही, असं तो कुठेही म्हणत नाही.

मग घ्यायचं तरी काय? ज्यांच्या घडणीतच सांधे कमी आहेत, ते आधी बघा. मिनेसोटातल्या बॅकसची स्कॅम्प 1971 पासून फायबरग्लासचे दोन अर्धे भाग साच्यात घडवून एकमेकांवर बसवते आहे. टेक्सासमधली कसीटा, ब्रिटिश कोलंबियातली एस्केप, टेनेसीतली ऑलिव्हर याच जातीच्या. तेरा फुटी स्कॅम्पचं वजन साधारण 1200 ते 1500 पौंड. तीस-चाळीस वर्षं जुने असे ट्रेलर आजही रस्त्यावर धावतात आणि चांगल्या किमतीला विकले जातात. अडचणीही खऱ्या आहेत. जागा लहान, नवा हवा तर थांबावं लागतं, आणि पुण्याहून आई-बाबा आले की सहा जण त्यात झोपू शकत नाहीत. पण वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन हजार पौंड जास्तीचं धूड वर्षभर बाळगायचं, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. आई-बाबांसाठी कॅम्पग्राउंडवरची केबिन घ्या. त्यांच्या गुडघ्यांनाही ते सोसेल. एअरस्ट्रीमबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की अ‍ॅल्युमिनियमचं कवच उत्तम, पण जुना घेत असाल तर तळ प्लायवूडचा असतो आणि तो कुजतो. नवा छोटा बांबी घ्यायलाही 50 हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात.

आता वजन. इथे चुकलात तर प्रश्न जिवाचा आहे. ‘हलका’ या शब्दाला कायद्यात कसलीही व्याख्या नाही. ज्याला जे चिकटवायचं ते त्याने चिकटवावं. माहितीपत्रकात छापलेलं कोरडं वजन पाणी आणि सामानाशिवायचं असतं, आणि बॅटरीही बहुधा त्यात धरलेली नसते. पाणी गॅलनला 8.3 पौंड. चाळीस गॅलनची टाकी भरली की 332 पौंड वाढले. त्यावर तांदळाची पिशवी, कुकर, गॅसची टाकी, खुर्च्या, मुलांच्या सायकली.

आपल्या लोकांच्या दारात बहुधा ओडिसी, सिएना नाहीतर हायलँडर उभी असते. पहिल्या दोघींची ओढण्याची मर्यादा 3500 पौंड. पेट्रोलवरच्या हायलँडरची 5000, पण हायलँडर हायब्रिडची पुन्हा 3500. विक्रेता हा एक आकडा घेऊन बसतो आणि म्हणतो, ‘तुमची गाडी 5000 ओढते, ट्रेलर भरून 4500, काही काळजी नको.’ चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या त्या पांढऱ्या-पिवळ्या स्टिकरबद्दल तो चकार शब्द काढत नाही. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती पौंड चालतील, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तो आकडा 1400 आहे. घरातली चौघं 600 पौंड. मागचं सामान 150. ट्रेलरचं नाक गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार टाकतं. 4500 चे 13 टक्के म्हणजे 585. भार विभागणारी हिच स्वतः 90 च्या आसपास. बेरीज 1425. ट्रेलर ‘मर्यादेत’ आहे आणि गाडी मर्यादेबाहेर गेली आहे. हे गणित चौथीतल्या पोराला येतं, आणि तरीही डीलरच्या आवारात ते करणारं कुणी मला दिसत नाही.

याहून घातक म्हणजे नाकावरचा भार कमी करायला सामान मागे सरकवण्याची शक्कल. नाक हलकं झालं की ट्रेलर डुलू लागतो. वायोमिंगमध्ये आय-80 वर आडवा वारा आणि शेजारून जाणारा ट्रक एकदम आले, की ते डुलणं गाडीलाही सोबत घेऊन जातं. मागे मुलं बसलेली असतात. ट्रेलरवरही सरकारी नियमानुसार एक स्टिकर असतो, त्यात सामान किती आणि भरलेल्या पाण्याचं वजन किती हे पौंडांत छापलेलं असतं. ट्रेलर बघायला जाल तेव्हा पहिला फोटो त्याचा काढा, बिछान्याचा नंतर.

वॉरंटीच्या गोड बोलण्यालाही भुलू नका. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी फक्त वर्षभराची. सदोष वाहन घेतलेल्या ग्राहकाला संरक्षण देणारे अनेक राज्यांचे लेमन कायदे इंजिन नसलेल्या ट्रेलरला लागूच होत नाहीत. उरतो तो 1975 चा मॅग्नुसन-मॉस हा वॉरंटीविषयक संघीय कायदा आणि वकिलाचा खर्च. काही वॉरंट्यांत तर दावा इंडियानातच लावण्याची अट असते. आणि दूरच्या राज्यात दोन हजार डॉलर वाचवून आणलेला ट्रेलर तुमच्या गावातला डीलर दुरुस्तीला घेईलच, असं समजू नका. बरेच डीलर आपल्या गिऱ्हाइकांना आधी घेतात, आणि मे ते सप्टेंबर तुमचा ट्रेलर त्यांच्या कुंपणाआड उभा राहतो. जवळचा दुरुस्तीवाला कोण आहे आणि तो या ट्रेलरला हात लावेल का, हे विकत घेण्याआधी फोन करून विचारा. हा एक फोन तुमच्या सगळ्या एक्सेलपेक्षा मोलाचा आहे.

सही करायच्या आधी पैसे मोजून स्वतंत्र तपासनीस आणा. ओलावा मोजायचं यंत्र खिडक्यांखाली, कोपऱ्यांत आणि पलंगाखालच्या कप्प्यांत लावा. टाकीत पाणी भरायला लावा, प्रत्येक नळ सोडा, हीटर आणि फ्रीज गॅसवर चालवून बघा, बाहेर सरकणारी खोली असेल तर ती पूर्ण आत-बाहेर करा आणि तिच्या रबराच्या कडा हाताने चाचपा. ट्रेलरचं मॉडेल आणि वर्ष एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या रिकॉल यादीत शोधून बघा. यात अर्धा दिवस जातो. डीलर म्हणेल, तेवढा वेळ नाही, पाच वाजता बंद होतं, सही करा आणि काही निघालं तर वॉरंटी आहेच. चेकबुक मिटा आणि घरी जा.